ऐकतंय कोण?

बडोद्याच्या सयाजीगंजात स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर माझी मावशी राहते. वय ७८. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, ज्येष्ठांच्या आरोग्याची पाहणी चालू आहे, पाच मिनिटं द्या. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून सुनेने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तब्येत कशी आहे? "एकदम छान." औषधं वेळेवर मिळतात? "हो, मिळतात ना." खर्च कोण करतं? "मुलगा. सगळं तोच बघतो." घरात काही त्रास? "छे, छे." फोन बंद झाला, सून चहा टाकायला आत गेली, आणि मावशी माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "गुडघ्याच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले. पुढच्या वेळी येताना आणशील का गं?"

मावशी खोटं बोलली असं मी म्हणणार नाही. त्या खोलीत, त्या माणसांसमोर जे बोलता येण्यासारखं होतं ते ती बोलली. पण पलीकडच्या संगणकात एका वृद्धेपुढे "औषधं वेळेवर मिळतात" अशी खूण पडली, आणि अशा हजारो खुणांची टक्केवारी एक दिवस वर्तमानपत्रात छापून येईल. तीच पाहणी दारावर येऊन केली असती तर? मावशीच्या हातात एखादी संगणकाची पाटी देऊन "तुम्हीच टिचकी मारा" असं सांगितलं असतं तर? उत्तर तेच आलं असतं का? जगभरच्या संशोधकांनी या प्रश्नावर पन्नासएक वर्षं घालवली आहेत. त्यांना काय सापडलं आणि आपल्याकडे त्यातलं किती लागू पडतं, हे इथे मांडायचं आहे.

बडोद्याचा या विषयाशी जुना संबंध आहे. सयाजीरावांच्या काळातले संस्थानाचे जनगणना अहवाल अभ्यासक आजही उघडतात. विक्रम साराभाईंनी १९६० साली ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही संस्था इथेच सुरू केली. लोक 'ओआरजी' म्हणत. दुकानांतल्या विक्रीची मोजदाद हे तिचं मोठं काम होतं, आणि कुटुंबनियोजनाच्या देशव्यापी पाहण्याही तिने केल्या, पहिली १९७० साली, दुसरी १९८० साली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. या वातावरणामुळे शहरातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत खांद्याला पिशवी लावून प्रश्नावल्या भरल्या. मीही त्यांतली एक.

आम्ही मुली जोडीने जात असू. संततिनियमनाचे प्रश्न सुनेला विचारायचे असत, आणि ओट्यावर सासूबाई बसलेल्या असत. त्या उठत नसत. मग आमच्यातली एक सासूबाईंपुढे कोरा फॉर्म धरून बसे आणि त्यांना त्यांच्या लग्नाच्या, बाळंतपणांच्या, जुन्या बडोद्याच्या गोष्टी विचारत राही. दुसरी पाणी मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाई आणि खरा फॉर्म तिथे भरला जाई. त्या दोन ठिकाणची उत्तरं वेगळी येत. ओट्यावर "आम्ही असलं काही वापरत नाही" म्हणणारी सून मोरीशी उभी राहून तांबीबद्दल सगळं सांगे. ही युक्ती कुठल्याही पुस्तकात नव्हती, पण प्रत्येक जुन्या फील्डवालीला ती येत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने पुढे याच गोष्टीचा नियम केला. कौटुंबिक हिंसेचे प्रश्न एका घरातल्या एकाच बाईला विचारायचे, आणि एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न विचारायचेच नाहीत.

फोन आला तेव्हा ही युक्ती संपली. फोनवरच्या मुलीला सासू दिसत नाही.

टेलिफोनच्या पाहण्यांवरचा बहुतेक अभ्यास अमेरिकेत झाला, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ न देणं महत्त्वाचं आहे. तुम्ही कोणापर्यंत पोचलात ही एक, आणि पोचल्यावर त्याने काय सांगितलं ही दुसरी. पहिल्या गोष्टीचं ठळक उदाहरण १९३६ सालचं. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. पत्ते काढले होते मुख्यतः टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांतून आणि मोटारींच्या नोंदण्यांतून. वीस लाखांहून अधिक पत्रिका परत आल्या आणि साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन निवडून येणार असं सांगितलं. रूझवेल्ट साठ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकले. मंदीच्या वर्षांत ज्याच्या घरी फोन होता तो सामान्य मतदार नव्हता. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी कोणी घेतली आणि कोणी नाही, यानेही चित्र बिघडवलं. एवढा प्रचंड आकडा गोळा करूनही उत्तर चुकलं, हे मला आजही नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगावंसं वाटतं.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हॉलब्रुक, ग्रीन आणि क्रॉसनिक यांनी २००३ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहण्यांची तुलना करून दाखवलं की समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा फोनवर लोक जास्त संशयी असतात, "माझं काही मत नाही" असं जास्त वेळा म्हणतात आणि चारचौघांत शोभेल अशा उत्तराकडे जास्त झुकतात. मुलाखत प्रत्यक्षात लवकर संपलेली असूनही ती फार लांबली अशी तक्रार फोनवरचेच लोक जास्त करतात. कारण समजण्यासारखं आहे. दारात उभी असलेली मुलगी घामाघूम झालेली दिसते, तिच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसतं, तिला पाणी विचारलं जातं. पाणी दिल्यावर जे नातं तयार होतं ते फोनवर होत नाही. तिथे उरतो फक्त अनोळखी आवाज.

आणि त्या आवाजाला आता कोणी दाद देत नाही. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या टेलिफोन पाहण्यांना १९९७ साली ३६ टक्के लोक प्रतिसाद देत, २०१८ साली ६ टक्के. आपल्याकडे कर्जाचे, प्लॉटचे, विम्याचे फोन आणि आता 'डिजिटल अरेस्ट'ची धमकी देणारे फोन यांनी माणसांना इतकं पोळलंय की अनोळखी नंबर न उचलणं हा शहाणपणा झाला आहे. जे उचलतात ते कोण? रिकामा वेळ असलेले, विश्वास टाकणारे, एकटे. त्यांची उत्तरं खरी असली तरी ती गावाची उत्तरं होत नाहीत.

म्हणून फोन टाकून द्यावा असं मात्र नाही. 'सारी' नावाची सामाजिक दृष्टिकोनांची पाहणी २०१६ पासून दिल्ली, मुंबई, उत्तर प्रदेश, राजस्थान इथे मोबाइलवरूनच झाली. नंबर यदृच्छेने निवडलेले, पुरुषाशी पुरुष बोलणार आणि बाईशी बाई. अस्पृश्यता पाळता का, आंतरजातीय लग्नाला कायद्याने बंदी असावी का, असे अवघड प्रश्न तिने विचारले, आणि लोकांनी आपले पूर्वग्रह बरेच उघडपणे सांगितले. जातीबद्दल बोलताना समोर बसलेल्या माणसाचं आडनाव आणि पेहराव डोळ्यांसमोर नसणं हे कदाचित उपयोगीच पडत असेल.

आता मोबाइलवरच्या, लिंक उघडून भरायच्या फॉर्मकडे येऊ. इथे विचारणारा माणूसच नसतो, त्यामुळे लाज कमी होते. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मेरीलँड विद्यापीठाचा आहे. क्रॉयटर, प्रेसर आणि टूरँगो यांनी माजी विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही कमी गुण मिळवले होते का, एखादा विषय सोडून दिला होता का. काहींना माणसाने फोनवर विचारलं, काहींना ध्वनिमुद्रित आवाजाने, काहींना संगणकाच्या पडद्यावर. खरी उत्तरं विद्यापीठाच्या दप्तरात होतीच, ती ताडून पाहिली. पडद्यावर लोकांनी नामुष्की जास्त कबूल केली, माणसाशी फोनवर बोलताना सर्वांत कमी. हा निष्कर्ष २००८ साली छापला गेला. प्यूने असाच प्रयोग मतांवर केला आणि २०१५ साली तो प्रसिद्ध केला. तेच ६० प्रश्न, काहींना फोनवर, काहींना वेबवर. सरासरी फरक साडेपाच टक्के बिंदूंचा निघाला. सर्वांत मोठा, १८ बिंदूंचा फरक कुठे पडला? कौटुंबिक आयुष्यावर. फोनवर ६२ टक्के लोक म्हणाले आम्ही घरच्या आयुष्यात अत्यंत समाधानी आहोत, वेबवर तेच ४४ टक्क्यांवर आलं. राजकारणावर नाही, पैशावर नाही, घराबद्दल माणसं सर्वांत जास्त झाकून बोलतात. हे वाचलं तेव्हा मला स्पीकरवर ठेवलेला तो फोन आठवला.

पण पाश्चात्त्य निष्कर्ष इथे जसाच्या तसा उतरवून घ्यायचा नाही, हे पुण्यातल्या एका प्रयोगाने दाखवलं आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अविवाहित तरुणांना लैंगिक वर्तनाबद्दल विचारलं होतं, काहींना समोर बसून, काहींना कानाला हेडफोन लावून संगणकावर. महाविद्यालयातल्या मुलांनी संगणकाला जास्त मोकळेपणाने सांगितलं. झोपडवस्तीतल्या मुलांमध्ये मात्र तसा सरळ फायदा दिसला नाही. ज्याने यंत्र रोज हाताळलंय त्याला यंत्र म्हणजे एकांत वाटतो. ज्याने ते कधीच हाताळलेलं नाही त्याला त्याचा धाक वाटू शकतो, आपलं बोलणं कुठेतरी साठवलं जातंय अशी शंका येऊ शकते. माणसाने विचारलेलं निदान हवेत विरतं.

आपल्या घरांत मोबाइल तरी कोणाचा असतो? २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांनी सांगितलं की स्वतः वापरतो असा मोबाइल आपल्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. तेव्हापासून आकडे वाढलेच असतील. पण मोबाइल असणं आणि तो कोणी न पाहता वापरता येणं यांत अंतर आहे. लिंक आली की ती बहुधा घरातला मुलगा भरतो, आईच्या नावाने, आईला न विचारता, चांगल्या हेतूने. परदेशी पुस्तकांत उत्तर देणारा एकटा खोलीत बसलेला असतो. आपल्याकडे उत्तर घर देतं. माझ्या मते आपल्या पाहण्यांतला सर्वांत मोठा फरक फोन की वेब यापेक्षा ऐकतंय कोण आणि भरतंय कोण यानेच पडतो, आणि याच बाजूवर आपल्याकडे सर्वांत कमी अभ्यास झाला आहे.

पैसे किंवा कूपन मिळवण्यासाठी ज्यांत कोणालाही येता येतं अशा ऑनलाइन गटांची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती फार लांबवण्याच्या लायकीची नाही. प्यूने २०२२ साली अशा एका गटात विचारलं, तुमच्याकडे अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी चालवायचा परवाना आहे का. तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी 'हो' अशी खूण केली. वर्तमानपत्रांच्या आणि वाहिन्यांच्या संकेतस्थळांवरचा "तुमचं मत द्या" हा कौल तर पाहणी म्हणवून घेण्यासही पात्र नाही.

कान आणि डोळा यांचाही फरक आहे. पर्याय ऐकवले की शेवटचे लक्षात राहतात, आणि माणूस त्यांच्यातला एखादा उचलतो. तेच पर्याय वाचायला दिले की नजर वरच्या पर्यायांवर आधी स्थिरावते आणि बोट तिथेच पडतं. त्यात भाषा येऊन मिसळते. मराठी माणसाला "कसं काय?" विचारलं की तो "बरं आहे" म्हणतो. या 'बरं'ला पाच पायऱ्यांच्या मोजपट्टीवर जागा कुठे? अत्यंत समाधानी नाही, असमाधानी नाही, आणि 'मधलं' म्हणावं तर तेही नाही. म्हणण्याच्या पद्धतीवर त्याचा अर्थ ठरतो. दारात उभी असलेली फील्डवाली चेहरा पाहून "म्हणजे नक्की कसं, काकू?" असं विचारते. फोनवरची मुलगी हिंदीत "बहुत संतुष्ट या कुछ हद तक संतुष्ट?" असं पुन्हा वाचते, आणि बडोद्यातली मराठी बाई, जी घरात मराठी, बाजारात गुजराती आणि टीव्हीपुरती हिंदी बोलते, ती संभाषण संपवण्यासाठी "हां, संतुष्ट" म्हणते. परक्या भाषेत तक्रार करायला शब्द सापडत नाहीत, होकार द्यायला एक पुरतो.

मोजायच्या साधनाने मोजलेली वस्तू बदलते, हे आपल्या संख्याशास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की शेतातल्या पिकाचा अंदाज अगदी लहान तुकडा कापून काढला की उतारा फुगतो, कारण कडेवरची रोपं आत धरायचा मोह कापणाऱ्याला होतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा यावर वाद झाला. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीने १९९४ ते १९९८ या काळात खर्चाच्या प्रश्नांवर प्रयोग केला. काही घरांना अन्नाचा खर्च गेल्या ३० दिवसांचा विचारला, काहींना गेल्या ७ दिवसांचा. सात दिवसांच्या घरांत खर्च जास्त सांगितला गेला, इतका की कागदावरची गरिबी जवळपास निम्म्यावर आली. सुमारे २० कोटी माणसं, फक्त प्रश्नातला काळ बदलल्याने, दारिद्र्यरेषेच्या वर गेली. मग १९९९-२०००च्या फेरीत दोन्ही प्रश्न त्याच घराला शेजारी-शेजारी विचारले, तेव्हा उत्तरं एकमेकांत मिसळली आणि त्या आकड्यांवर अर्थतज्ज्ञ कैक वर्षं भांडले.

म्हणूनच मला एकाच पाहणीने मध्येच पद्धत बदलणं सर्वांत धोक्याचं वाटतं. कोविडच्या टाळेबंदीत दुसरा इलाज नव्हता. मुंबईच्या सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमीची पावणेदोन लाखांच्या आसपास कुटुंबांची पाहणी मार्च २०२० मध्ये फोनवर गेली आणि प्रतिसाद घसरला. ज्यांचा रोजगार गेला आणि जे गावी निघाले, त्यांचेच फोन लागत नव्हते. त्या वर्षातला बेरोजगारीचा आकडा आधीच्या आकड्याशेजारी ठेवताना ही गोष्ट दर वेळी सांगायला हवी होती. घरगुती खर्चाच्या २०२२-२३च्या पाहणीत एका लांब प्रश्नावलीऐवजी तीन प्रश्नावल्या आणि तीन भेटी आल्या. बदल चांगलाच आहे, तीन भेटींत आठवण ताजी राहते. पण मग "दहा वर्षांत खर्च इतका वाढला" असं लिहिताना त्यातला किती भाग खरा आणि किती भाग पद्धतीचा, हे वेगळं काढल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही.

मग उत्तम पद्धत कोणती? सगळ्यांसाठी एक अशी नाही. लाजेचं, भीतीचं विचारायचं तर विचारणारा दूर हवा आणि ऐकणाराही. मतदानाबद्दल विचारताना निवडणुकांच्या पाहण्या करणाऱ्या लोकनीती या संस्थेचे कार्यकर्ते घरी जातात, पण मत मात्र खोट्या मतपत्रिकेवर खूण करून पेटीत टाकायला सांगतात. माणसाचा विश्वास आणि कागदाचा एकांत एकाच भेटीत मिळवण्याची ही मला माहीत असलेली सर्वांत शहाणी रीत आहे. आठवून, विचार करून सांगायचं असेल तर समोर बसलेल्या माणसाला पर्याय नाही. पत्ता, शिक्षण, घरातली खोल्यांची संख्या यांसाठी फोन पुरतो. आणि जो कोणी टक्केवारी छापतो त्याने तिच्याखाली एक ओळ छापलीच पाहिजे: कसं विचारलं, कोणत्या भाषेत, कितींना विचारलं आणि त्यातल्या कितींनी उत्तर दिलं. मराठी वर्तमानपत्रांत ही ओळ क्वचित दिसते. ती नसेल तर आकडा वाचू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण आहे. येत्या जनगणनेत, जिची लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे, घरच्यांना स्वतःच ऑनलाइन माहिती भरता येणार आहे. देशातली ही पहिली डिजिटल जनगणना. सोय मोठी आहे, पण एक गोष्ट तिच्यात हरवते. प्रगणक खोदून विचारू शकतो. फॉर्म विचारत नाही. सयाजीगंजात वसतिगृहांच्या आजूबाजूला कितीतरी बायका मुलांना डबे देतात, कोणी दहा, कोणी पंचवीस. त्यांना "काम करता का?" विचारलं तर त्या "नाही, मी घरीच असते" म्हणतात. प्रगणक म्हणून दारात आलेली शिक्षिका स्वयंपाकघरातली डब्यांची रांग बघून पुन्हा विचारेल. मोबाइलवर मुलगा आईच्या नावापुढे "काम करत नाही" अशी खूण करून पुढे जाईल. मातृभाषेचंही तसंच. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी ज्या भाषेत बोलली ती. बडोद्यातल्या आपल्या घरांत नवऱ्याची मराठी आणि बायकोची गुजराती असणं आता नवलाचं नाही, पण फॉर्म भरणारा एकच भाषा सगळ्यांपुढे लावून मोकळा होईल.

तेव्हा तुमच्या घरी जो कोणी हा फॉर्म भरेल त्याला एवढं सांगा. मोबाइल घेऊन घरातल्या प्रत्येकाजवळ जा. आईला, आजीला, सुनेला वेगवेगळं, दार लोटून घेऊन विचारा. आई डबे करत असेल, शिवण करत असेल, पापड लाटून देत असेल तर तिचं काम लिहा. आणि त्या सांगतील तेच लिहा, तुम्हाला वाटतं ते नको.